म्हणे, हे काय शिकणं झालं?

जळगाव-धुळ्याकडे कुणा पोराने गिटारवर ग्रीन डे किंवा ब्लिंक-१८२ या पॉप-पंक बँडचं गाणं बसवायला घेतलं की घरातून, क्लासमधून आणि ज्यांना कुणी विचारलेलं नाही अशा आप्पा-नानांकडूनही एकच सूर लागतो. तीन कॉर्डची आरडाओरड, ती शिकायला कसली लागते? आधी सरगम, मग अलंकार, मग दोन-चार रागांची ओळख, आणि एवढं करून वेळ उरलाच तर ही थेरं. त्यातून त्याच्या जोडीदाराने गिटारऐवजी बास घेतला असेल तर बघायलाच नको. ज्याला गिटार जमत नाही तो बास धरतो, हे आपल्याकडे जणू शास्त्रवचन आहे. ही बोलणी मी फार आदरणीय तोंडांतून ऐकली आहेत, म्हणून आता तो आदर थोडा बाजूला ठेवून बोलतो. दोन पोरांनी, एकाने गिटार आणि एकाने बास घेऊन, एक पॉप-पंक गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत न थांबता बसवणं हा आपल्या गावांत मिळणाऱ्या संगीतशिक्षणापेक्षा काही बाबतींत जास्त कसदार धडा आहे. ‘काही बाबतींत’ असं म्हणतोय. अंगावर येण्याआधी तेवढं वाचावं.

तीन कॉर्डपासूनच सुरुवात करू. ‘बास्केट केस’ हे ग्रीन डेचं गाणं १९९४ च्या ‘डूकी’ या अल्बममधलं. या वाटेला लागलेला प्रत्येकजण आज ना उद्या त्याच्यापाशी येतोच, म्हणून तेच घेतो. कडव्यातल्या कॉर्ड ज्या स्वरांवर उभ्या आहेत ते क्रमाने म्हणा: सा, प, ध, ग, म, सा, प. सगळे शुद्ध. भातखंड्यांच्या दहा थाटांतला बिलावल. वेगळे स्वर मोजले तर पाच भरतात. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा ‘कॅनन’ तिकडे लग्नालग्नांत वाजतो, त्याचा पायाही बहुतांशी हाच. बँडने तारा अर्ध्या स्वराने उतरवून घेतल्यामुळे सा येतो काळी दोनवर. एवढं सांगितलं तर धुळ्यातला कुठलाही पेटीवाला या गाण्याला साथ करील, आणि करताना आपण काही परधर्मी काम करतोय असं वाटायचं त्याला कारण नाही. तीन कॉर्ड म्हणून नाक मुरडणाऱ्याने बहुधा गाणं ऐकलेलंच नसतं, त्याची बदनामी तेवढी ऐकलेली असते.

आणि समजा, असत्या खरोखर तीनच. मग? भुलाबाईची गाणी किती स्वरांत फिरतात, कानबाईच्या रात्री बाया जे म्हणतात त्याचा पल्ला केवढा असतो? सप्तक पुरं करायची घाई त्यांत कुणालाच नसते, आणि सगळी आळी ती गाणी पाठ म्हणते. स्वर कमी हा गुन्हा असेल तर आपल्या आया-आज्यांचं निम्मं गाणं आधी रद्द करा, मग पोरांकडे वळा.

आता त्या कॉर्डकडे जरा जवळून बघू. पॉप-पंकमध्ये पूर्ण कॉर्डपेक्षा पॉवर कॉर्ड जास्त चालते. तर्जनी जाड तारेवर मूळ स्वराशी, अनामिका शेजारच्या तारेवर दोन पडदे पुढे, हवी तर करंगळी त्यापुढच्या तारेवर. झालं सा, प आणि वरचा सा. तानपुरा याहून फार वेगळं काय सांगतो? भरताच्या नाट्यशास्त्रापासून ज्या षड्ज-पंचम संवादाचे गोडवे गायले गेले, तोच इथे करकरीत आवाजात उभा असतो. गंधार मुद्दाम गाळलेला असतो आणि त्याला कारण आहे. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. अँपचं डिस्टॉर्शन या दोहोंच्या फरकाचाही एक स्वर निर्माण करतं. तीनातून दोन गेले, उरला एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. दोन बोटांची कॉर्ड एवढी भरदार वाटते ती म्हणून. तिच्यात गंधार मिसळला की घोळ होतो, कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आणि डिस्टॉर्शन तो चढ कानात खुपेल इतका मोठा करून दाखवतं. पंचम मात्र जेमतेम दोन सेंटने हटलेला, तो खपून जातो. पडद्यांची आणि पट्ट्यांची वाद्यं मुळातच बेसूर, ही आपल्याकडची जुनी तक्रार. तक्रारदारांनी एवढं लक्षात घ्यावं की ज्या गंधारावरून त्यांचं मुख्य भांडण, तोच या पोरांनी काढून टाकला आहे. पाठ थोपटायची सोडून कान कसले धरता?

सोपं आहे म्हणता ना, तर वाजवून बघा. ‘बास्केट केस’ची लय मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास. ठोक्याला दोन आघात धरले तर सेकंदाला साडेपाचाहून जास्त. आणि हे सगळे खालच्या दिशेने मारायचे, कारण खाली-वर हात फिरवला की वर जाणारा आघात मऊ पडतो आणि गाण्याचा कणाच जातो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडमधला जॉनी रामोन असा वाजवायचा. त्यांचा १९७६ चा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरांत उरकला होता, पण तो हात स्वस्तात तयार झालेला नव्हता. वर पाम म्यूट. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवायची, केसभर पुढे सरकली तर स्वर मरतो, केसभर मागे गेली तर उघडा पडतो. कडवं दाबून वाजवायचं आणि नेमक्या ठोक्याला हात उचलून धृपद मोकळं करायचं. नवशिक्याचं मनगट पहिल्याच कडव्यात आखडतं, आणि मग त्याला कळतं की आपण जोर दंडातून लावत होतो. मेट्रोनोम ९० वर लावून तो पुन्हा पहिल्यापासून बसतो. याला रियाज म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द तुम्हीच सुचवा.

पण माझा मुख्य मुद्दा बोटांचा नाही, सोबतीचा आहे. आपल्याकडे मूल संगीत शिकतं ते एकट्याने. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशी शिडी चढताना ते परीक्षकासमोर बसतं, तबल्याला बहुधा क्लासचेच सर किंवा एखादा मोठा विद्यार्थी. मुलाची लय सुटली की सर सांभाळून घेतात. सम चुकली तर तबला वळतो. हे मायेने होतं, त्यात वाईट काही नाही. पण वर्षानुवर्षं असं सांभाळून घेतलेल्या मुलाला, आपणही कुणाला तरी सांभाळायचं असतं, हे कळतच नाही. गिटारच्या क्लासांचं तर याहून अवघड. चार उघड्या कॉर्ड, एक कॅपो आणि हिंदी सिनेमातल्या गाण्याचं नुसतं धृपद. कॉर्ड बदलायला वेळ लागला की गाणारा थांबतो, कारण गाणाराही तोच. एकट्याचं राज्य! अशा मुलाला लय समजायची तर दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस त्याच्यासाठी थांबणारा असून चालत नाही.

बासवाला तो माणूस असतो. धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या महाबळला एखाद्या खोलीत दोघं बसतात, तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं असतं. सुरुवातीला दोघंही आपापलं बरोबर वाजवतात आणि गाणं मात्र चूक येतं. गिटारवाला पुढच्या कॉर्डवर पाव ठोका आधी पोचतो, बासवाल्याची मागची तार अजून वाजत असते, ध आणि ग एकमेकांवर चढतात. मग भांडण. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून निवाडा. आणि तिथे भांडण आणखी वाढतं, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून बास ऐकूच येत नाही. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची, गिटारच्या जाड तारेहून बरोबर एक सप्तक खाली. तेवढं खालचं काढायची त्या नखाएवढ्या स्पीकरची ताकद नसते. चांगले हेडफोन लावल्यावर कळतं की चूक बासची नव्हतीच, पुढे पळत होती ती गिटार. तोवर गिटारवाल्याने मित्राला चार ठिकाणी सुनावलेलं असतं. परीक्षेच्या खोलीत हा धडा मिळत नाही, कारण तिथे पुढे पळण्याबद्दल मार्क कापतात आणि विषय संपतो. इथे ज्याच्या अंगावर पळालो त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

दोघांना थांबणंही शिकावं लागतं. या गाण्यांत मधेच सगळे गप्प होतात आणि एका ठोक्यावर एकत्र परत येतात. ती शांतता कुणी वाजवत नाही, मोजतात दोघंही. मोजताना एकमेकांकडे बघतात, मान हलवतात. बैठकीत गायक आणि तबलजी समेवर जे करतात ते याहून वेगळं नाही, फक्त ते तिथवर पोचतात बऱ्याच वर्षांनी.

बासबद्दलच्या त्या शास्त्रवचनाचा समाचार एका प्रयोगाने घेता येतो. गिटारवाल्याने सा-प ही पॉवर कॉर्ड धरावी आणि हात हलवू नये. बासवाल्याने खाली आधी सा वाजवावा: भक्कम, निर्विकार. मग त्याने धैवतावर जावं. तीच कॉर्ड एकदम उदास होते, कारण धैवतापासून मोजलं तर गिटारवरचा सा हा कोमल गंधार ठरतो. आता मध्यम. कॉर्ड अधांतरी लटकते, कुठेतरी जायचं राहून गेल्यासारखी. गिटारवाल्याची बोटं जागची हललेली नाहीत आणि गाण्याचा चेहरा दोनदा बदलला. बदलला कुणी? ‘डूकी’मधलंच ‘लाँगव्ह्यू’ ऐका. त्याची कडवी ग्रीन डेच्या माइक डर्न्टच्या बासवर आणि ड्रमवर चालतात, गिटार गप्प असते आणि थेट धृपदाला तोंड उघडते. ब्लिंक-१८२ चं १९९७ मधलं ‘डॅमिट’ गाणारा मार्क हॉपस हा त्यांचा बासवादक. गिटार जमली नाही म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या माणसाच्या हाती बँड माइक देत नसतात.

साथीचं मोल खानदेशाला परक्याने येऊन सांगायची वेळ खरं तर यायला नको होती. बालगंधर्व लहानपणी जळगावात महबूबखाँकडे गाणं शिकले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव आपण या गावात भरवतो. त्या बालगंधर्वांनी आपल्या नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष ठेवले होते. एवढा गळा असलेल्या माणसाला एवढे साथीदार कशाला लागावेत, याचा विचार करायला महोत्सवातली एक बैठक पुरेशी आहे.

बालगंधर्वांवर आलोच आहोत तर ‘हे आपल्या मातीतलं नाही’ या आक्षेपाचंही बघून टाकू. त्यांच्या रंगभूमीवर ऑर्गन वाजत होता. पायाने भाता मारायचा, परदेशातून आलेला. आज जिच्यावाचून आपलं भजनी मंडळ बसत नाही ती पेटी मुळात एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची. आकाशवाणीने १९४० साली तिला परकी आणि बेसूर ठरवून बाहेर काढलं, ते थेट १९७१ पर्यंत दार पूर्ण बंद होतं. तेव्हाचे आक्षेप वाचले तर आज गिटारबद्दल निघणारी वाक्यं तिथे जशीच्या तशी सापडतात. आपल्या मिरवणुकांत वाजणारा पट्ट्यांचा बेंजो ताइशोगोतो या जपानी वाद्याच्या वंशातला. या सगळ्यांना आपण घरात घेतलं, नावं दिली, आणि आता तेच परंपरा म्हणून पोरांना दाखवतो. माती कुठली, हा प्रश्न वाद्य जुनं झालं की कुणी विचारत नाही.

उलट हे संगीत मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याला जवळचं असावं असं मला वाटतं. ग्रीन डेचा बिली जो आर्मस्ट्राँग वाढला रोडिओ नावाच्या छोट्या गावात, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी. ब्लिंक-१८२ जमले सॅन डिएगोबाहेरच्या पॉवेमध्ये. मोठं शहर जवळ आहे पण आपलं नाही, संध्याकाळी करायला काही नाही, सगळे मोठे झाल्यावर इथून जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे: हा या गाण्यांचा मुलूख. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत भुसावळला वाढलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. मलबार हिलवरच्या पोराला लागत असावं.

गोंगाटाबद्दल मात्र मी फार बोलणार नाही, हसू येतं. ज्या मुलखात वरातीपुढच्या डीजेने घरातली भांडी मांडणीवरून खाली येतात, तिथे दहा वॅटच्या अँपवरून शेजारी दार वाजवून ‘काय शे हाई?’ विचारतात. बासच्या त्याच ४१ कंपनांवर नवरदेवाचे मामा रात्री दहापर्यंत नाचलेले असतात, आणि रात्री दहानंतरही.

एक आक्षेप मला मान्य आहे. या गाण्यांचे शब्द सगळेच सांगण्याजोगे नाहीत. ब्लिंक-१८२ च्या सुरुवातीच्या गाण्यांत पोरींविषयीचा पोरकट वाह्यातपणा पुष्कळ आहे, आणि तो ‘तेव्हा ते लहान होते’ म्हणून सोडून देण्याइतका निरागस नाही. शिवाय कॅलिफोर्नियाच्या पोराचे नाकातले उच्चार चोपड्याच्या पोराने जसेच्या तसे काढले की ऐकवत नाही. पण यावरचा उपाय गाणं सोडण्याचा नाही, शब्द बदलण्याचा आहे. सा, प, ध, म हे स्वर कुणाच्या मालकीचे नाहीत. अहिराणीत तोंडावर बोलायची, चिमटा काढून पुढे जायची जी रीत आहे ती या चालीला इंग्रजीइतकीच चपखल बसेल. तिचा ऐकणारा वर्ग आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. अहिराणी गाणी मोबाइलवर कुठवर पोचली ते लग्नसराईत कुठल्याही मांडवाजवळून जाताना कळतं. त्या गाण्यांखाली बहुतेक वेळा कीबोर्डातला तयार ठेका असतो. तिथे दोन जिवंत माणसं वाजवू लागली तर बिघडलं कुठे?

जाता जाता आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. पंकसाठी शिकावं लागत नाही, मनातला राग असला की झालं, असं सांगत फिरणारे भिडू या संगीताचे सगळ्यांत मोठे वैरी. राग सगळ्यांकडे असतो, सेकंदाला साडेपाच आघात सगळ्यांकडे नसतात. दुसरे ते, जे भारी गिटार आणि परदेशी पेडल मिळेपर्यंत सुरुवातच करत नाहीत. आर्मस्ट्राँगने वर्षानुवर्षं वाजवलेली निळी गिटार आईने घेऊन दिलेली होती, फर्नांडिस या जपानी कंपनीने केलेली स्ट्रॅटोकास्टरची नक्कल. साधी गिटार, साधा बास, ट्यूनर आणि मेट्रोनोम एवढ्यात गाणं बसतं. बास गिटारच्या छोट्या अँपला जोडणार असाल तर आवाज कमी ठेवा, नाहीतर स्पीकर फाटेल. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा तारा सैल पडून उतरतात आणि घामाने गंजतात, म्हणून वाजवण्याआधी दर वेळी सूर लावा आणि झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. ड्रमवाला मिळत नसेल तर गल्लीतला ढोलकीवाला बोलवा. शुद्धतावादी दोन्हीकडून ओरडतील, ओरडू द्या.

राहिला आई-वडिलांचा शेवटचा आणि खरा प्रश्न: यातून मिळणार काय? शास्त्रीय गायन-वादन, लोककला, चित्रकला यांच्या परीक्षांवर बोर्ड दहावीला वाढीव गुण देतं, म्हणून क्लास लावले जातात हे उघड गुपित आहे. पॉप-पंकला तसले गुण नाहीत. ते कधीच मिळू नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या वर्षी मिळू लागतील त्या वर्षी जळगावच्या गोलाणी मार्केटात ‘बास्केट केस’ची गाइडं येतील, अपेक्षित प्रश्नसंच येतील, पॉवर कॉर्डची व्याख्या लिहा म्हणून दोन गुणांचा प्रश्न येईल, आणि गिटारवाल्याची प्रात्यक्षिक परीक्षा सकाळच्या सत्रात ठेवून बासवाल्याला दुपारी बोलावतील.